साक्यावर मुरलेली वाइन: म्युस्कादे सुर ली

नाशिकजवळच्या एका वाइनरीने पाहुण्यांसाठी लावायच्या माहितीपाट्या मला मराठीत करायला दिल्या होत्या. द्राक्षांची नावं, पिंपं, तापमान, सगळं सरळ होतं. एका पांढऱ्या वाइनच्या वर्णनात मात्र 'एज्ड ऑन लीज' असं होतं. मी शब्दकोश पाहिला आणि लिहून दिलं, 'गाळावर मुरवलेली'. पाटी लागली. पंधरा दिवसांनी मी तिथे गेले तेव्हा दिंडोरीकडचं एक शेतकरी जोडपं काउंटरसमोर उभं होतं. काकांनी पाटी मोठ्यानं वाचली आणि काकूंना म्हणाले, "ही नको, गाळातली आहे. दुसरी बघू."

त्यांचं काय चुकलं? गाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धरणातला गाळ येतो, विहीर उपसताना टोपल्यांनी काढलेला गाळ येतो, मोरीच्या जाळीवर साचलेला गाळ येतो. तो काढून टाकायचा असतो. त्यावर कोणी काही मुरवत नाही. इंग्रजी शब्द तसाच ठेवावा, तर 'लीजवर ठेवलेली वाइन' वाचून आमच्याकडच्या माणसाला जमिनीचा भाडेपट्टा आठवणार. एक शब्द अडला म्हणून चांगली वाइन कोणी हातात घेईना, हे मला फार लागलं. तेव्हापासून मी त्या शब्दाच्या मागे आहे. म्हणून या परीक्षणात बाटलीबरोबर तो शब्दही येणार. मला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

एप्रिलमध्ये लेकीकडे फ्रान्सला गेले. ती नाँतला इंजिनिअरिंग शिकते. नाँत हे ल्वार नदीवरचं, समुद्रापासून पन्नासएक किलोमीटर आतलं शहर. नाशिकच्या माणसाला ही नदी परकी नाही. आपल्याकडे पांढऱ्या वाइनसाठी मोठ्या प्रमाणावर लावतात ती शेनिन ब्लाँ मूळची याच ल्वारच्या काठची, नाँतहून बरीच वर, आंजूकडची. नाँतच्या आसपास मात्र द्राक्ष वेगळं आणि वाइनही वेगळी. शहराच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन अशा दोन छोट्या नद्या आहेत. त्यांच्या मधल्या टेकड्यांवर जी वाइन होते ती 'म्युस्कादे सेव्र-ए-मेन'. म्युस्कादे हे नाव वाइनचं. द्राक्षाचं नाव मलाँ द बुर्गोन्य. 1709 च्या हिवाळ्यात इथे अशी थंडी पडली की बहुतेक वेली मेल्या. पुन्हा लागवड करताना लोकांनी गारठा सोसणारं हे द्राक्ष निवडलं, आणि तेच टिकलं. आणि बऱ्याच बाटल्यांच्या लेबलवर खाली दोन शब्द असतात: 'सुर ली'. म्हणजे लीवर. हाच तो इंग्रजीतला 'लीज'. ज्या शब्दाने मला अडवलं, तो इथे दर दुसऱ्या बाटलीवर अभिमानाने छापलेला होता.

नाँतहून क्लिसाँला जाणारी ट्राम-ट्रेन धरली आणि ल पाले या गावी उतरलो. छोटं गाव आहे. 1079 साली इथे पिएर आबेलार जन्मला, शब्द आणि वस्तू यांचं नेमकं नातं काय या वादात आयुष्य घालवलेला मध्ययुगातला तत्त्वज्ञ. लेकीने हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. एका शब्दाचा अर्थ शोधत इतक्या लांब आलेल्या बाईला यापेक्षा योग्य स्टेशन कुठलं मिळणार!

ज्यांच्याकडे गेलो ते घरगुती तळघर आहे. बाई साठीच्या, नवरा वेलींकडे, मुलगा ट्रॅक्टरवर. आधी फोन करून वेळ घेतली होती. फोन केल्याशिवाय जाऊ नका, दुपारी जेवणाच्या वेळी तर मुळीच नको. चव घ्यायचे पैसे घेतले नाहीत. इंग्रजी त्यांना जेमतेम, त्यामुळे लेक दुभाष्या झाली. पाट्या नाहीत, पडद्यावरची फिल्म नाही, सेल्फीची चौकट नाही. पण दीड तासात त्या बाईंनी जे दाखवलं ते मला कुठल्याही मोठ्या वाइनरीच्या चकचकीत फेरीत कधी दिसलं नव्हतं.

आत गेल्यावर मी पिंपं शोधत होते. पिंपं नव्हतीच. फरशीवर ओळीने गोल लोखंडी झाकणं होती, आपल्याकडे पाण्याच्या हौदाला असतात तशी. टाक्या जमिनीखाली असतात आणि आतून काचेचं अस्तर असतं. या भागातली ही जुनी पद्धत. जमिनीखाली गारवा एकसारखा राहतो आणि वाइन हलवावी लागत नाही. बाईंनी एक झाकण उचललं आणि टॉर्च मारला. खाली काळोखात हिरवट पिवळं पाणी, अगदी स्थिर. त्यांनी लांब काचेची नळी सोडून थोडी वाइन वर काढली आणि ग्लासात दिली. सप्टेंबरात द्राक्षं तोडली, रस आंबला, आणि तेव्हापासून ती तशीच पडून होती. रंग किंचित धुरकट. वास घेतला तर आधी लिंबाची साल, आणि मागून रात्रभर ठेवलेल्या धिरड्याच्या पिठाचा.

"ली बघायची आहे ना?" असं म्हणून त्या खिडकीपाशी गेल्या. तिथे काचेचा एक मोठा बुधला ठेवलेला होता, खास पाहुण्यांना दाखवण्यासाठी. वरची वाइन आरपार स्वच्छ, आणि तळाशी दोन बोटं जाडीचा थर. मी डोळे अगदी काचेजवळ नेले. रंग खरवसासारखा. वरची कड इतकी सपाट की पट्टीने आखावी. त्यांनी बुधला हळूच तिरका केला. मला वाटलं थर घसरेल. तो घसरला नाही, उठला. कडेने एक पांढरी लाट वर आली, वाफेसारखी पसरली, आणि सगळी वाइन ताकासारखी झाली. वाळू असती तर खाली घरंगळली असती, माती असती तर ढेकळं दिसली असती. बाईंनी नळीने थोडंसं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. बोटांत चोळलं तर कणीही लागली नाही. तांदळाची पेज दाट झाल्यावर जशी लागते, तशी मऊ.

हे सगळं यीस्ट, म्हणजे रस आंबवणारे सूक्ष्म जीव. रसातली साखर संपली की यीस्टच्या पेशींचं काम संपतं, त्या मरतात आणि तळाशी बसतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. मेलेल्या पेशी आतल्या एन्झाइमांनी हळूहळू विरघळू लागतात, त्यांच्या भिंतींतली प्रथिनं वाइनमध्ये उतरतात आणि पातळ वाइनला अंग येतं. शिवाय हा थर ऑक्सिजन शोषून घेतो, त्यामुळे वाइन तपकिरी पडत नाही, ताजी राहते. आंबताना तयार झालेला वायूही थोडा आत राहतो. जिभेच्या टोकाला जी बारीक चुणचुण लागते ती त्याची. ठेवायची म्हणून ठेवून दिली आणि झालं, असं मात्र नाही. दर आठवड्याला वास घ्यावा लागतो. थराला हवा अगदीच मिळाली नाही की सडलेल्या अंड्याचा वास सुटतो, आणि मग धावपळ.

आणि इथेच मला माझी चूक नेमकी कुठे झाली ते कळलं. मी लेकीला म्हटलं, विचार यांना, द्राक्षाच्या रसात सालं, माती, गर असतं, त्याचं काय होतं? बाई म्हणाल्या, ते आंबवायच्या आधीच खाली बसू देतात आणि काढून टाकतात. त्याला 'बुर्ब' म्हणतात. बुर्ब म्हणजे चिखल. आंबल्यानंतर जे बसतं ती 'ली'. दोन थर, दोन शब्द. ही गोष्ट त्यांनी इतक्या सहज सांगितली, जणू कोणालाही माहीत असावी. मी पाटीवर 'ली'च्या जागी 'बुर्ब' लिहून बसले होते.

त्या रात्री लेकीच्या खोलीत लॅपटॉपवर इंग्रजी शब्दकोश उघडून बसले. 'लीज' हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांकडून आला. जुन्या फ्रेंचमधला 'ली', त्याआधी मध्ययुगीन लॅटिनमधला 'लिया', आणि त्याच्याही खाली गॉलिश भाषेतला 'लिगा', म्हणजे तळाशी बसलेला थर, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. गॉलिश म्हणजे रोमन येण्याआधी फ्रान्समध्ये बोलली जाणारी भाषा. ती मेली, पण तिचे थोडे शब्द फ्रेंचमध्ये राहिले, आणि त्यांत शेतातले, रानातले शब्द बरेच. ओकच्या झाडाला फ्रेंच 'शेन' म्हणतात, तोही तिचाच. वाइनला मात्र त्यांनी रोमनांचा लॅटिन शब्द घेतला. म्हणजे वरच्या वाइनचं नाव जिंकणाऱ्यांचं आणि खालच्या थराचं नाव घरचं. आपल्याकडेही तसंच झालं. जमीन, तारीख, कागद फारसी-अरबीतून आले, आणि चुलीजवळचं उखळ, मुसळ, सूप आपलं राहिलं.

त्याहून आत गेलं तर या शब्दाच्या मुळाशी जो धातू मानतात, त्याचा अर्थ आहे आडवं होणं, पडून राहणं. इंग्रजीत आडवं होण्याला 'लाय' म्हणतात, तो त्याच धातूचा. जुन्या आयरिशमध्ये 'लिगे' म्हणजे अंथरूण, आणि थडगंही. फ्रेंचमध्ये पलंगाला म्हणतात 'ली'. तो लॅटिन 'लेक्तुस'वरून वेगळ्या वाटेने आला, पण त्याचाही धातू तोच. उच्चार दोन्हींचा अगदी सारखा. ऐकताना 'सुर ली' हे 'थरावर' आहे की 'पलंगावर', हे कानाला कळत नाही, आणि देवनागरीत लिहिलं तर डोळ्यालाही कळत नाही. जमिनीखालच्या टाकीत सहा महिने हललीही नाही ती वाइन मी दुपारीच पाहिली होती. अंथरुणावर झोपलेली वाइन. इतकं मोजकं आणि खरं वर्णन मला कुठल्याही लेबलवर सापडलेलं नाही.

इंग्रजीत या थराला आणखी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. 'ड्रेग्ज' उत्तरेकडच्या नॉर्स लोकांबरोबर आला. त्याला किंमत नाही. पेल्याच्या तळाशी उरलेलं, फेकायचं, आणि त्यावरून समाजातल्या वाया गेलेल्या माणसांनाही तोच शब्द लावतात. लॅटिनमध्ये वाइनच्या गाळाला 'फेक्स' म्हणत. त्याच्या अनेकवचनावरून डॉक्टर मंडळी आज शौचाला जो शब्द वापरतात तो आला. एवढं सगळं शेजारी असताना वाइन करणाऱ्यांनी आपल्या कामासाठी 'लीज' धरून ठेवला, याचं मला कौतुक वाटतं.

पण 'लीज'लाही दोन्ही बाजू आहेत. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून उघड झाल्यावर मॅकबेथ म्हणतो की आयुष्याची वाइन काढून झाली, आता तळघराला मिरवायला उरले ते नुसते लीज. हे वाईट अर्थाने. आणि त्याच सुमाराला, 1611 मध्ये छापलेल्या इंग्रजी बायबलात यशया हा संदेष्टा सांगतो की देव सगळ्या लोकांना मेजवानी देईल, आणि त्या मेजवानीत असेल लीजवर मुरलेली, नीट निवळलेली वाइन. म्हणजे सर्वांत उत्तम. मूळ हिब्रूत तिथे 'शेमारिम' शब्द आहे. तो 'शामर' या धातूशी जोडतात. शामर म्हणजे राखणं, जपणं. हे वाचलं आणि मी लेकीला उठवून सांगितलं. हवेपासून वाइन राखणारा थर, हे रसायनशास्त्राने फार नंतर सांगितलं. हिब्रूने आधीच त्याचं नाव राखणदार ठेवलेलं. लेक म्हणाली, "आई, सकाळी सांग ना." बरोबर होतं तिचं. दोन वाजले होते.

आता बाटलीबद्दल.

आम्ही तिथे तीन घेतल्या. दोन साध्या सुर ली, साडेसात युरोंना एक. तिसरी 'क्लिसाँ', सोळा युरोंची. फरक समजून घ्या, कारण लेबल तो समजावून सांगत नाही आणि माझी लेबलवरची मुख्य तक्रार हीच आहे. साध्या सुर लीला एक हिवाळा थरावर राहावं लागतं आणि पुढच्या मार्चच्या आधी ती बाटलीत भरता येत नाही. मधे दुसऱ्या टाकीत काढायचीही नाही. थरावरून थेट बाटलीत. क्लिसाँ, गॉर्ज अशा काही गावांना 2011 पासून आपलं नाव लेबलवर लावायची परवानगी आहे, आणि या दोन गावांच्या वाइनला किमान 24 महिने थरावर राहावं लागतं. म्हणजे सहा महिने आणि दोन वर्षं, दोन्ही 'लीवर'च. पण ग्राहकाला महिने कुठे दिसत नाहीत. गाव दिसलं तर ओळखायचं.

एक गैरसमज आधी काढते, कारण मलाही तो होता. बाटलीत थर नसतो. बाटली उघडून तळाशी ली शोधू नका. वाइन वरची वर काढून स्वच्छ भरलेली असते. कधी बुचाला किंवा तळाला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे बारीक स्फटिक दिसतात. ते काच नाही, साखर नाही. वाइनमधल्या आम्लाचं ते मीठ आहे, थंडीत खाली बसतं, आणि खाण्यात काही अपाय नाही. केकच्या सामानाच्या दुकानात छोट्या डबीत 'क्रीम ऑफ टार्टर' मिळतं ना, ते हेच. वाइनच्या टाक्यांतून आणि तळाच्या थरातूनच ते काढतात. अंड्याचा पांढरा बलक फेटताना आपण चिमूटभर घालतो ते कुठून येतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

पहिली साधी बाटली तिथेच संपली, नदीकाठच्या बाकावर, कागदात बांधून आणलेल्या कालवांबरोबर. रंग जवळजवळ पाण्याचा. पहिल्या घोटाला ती चुणचुण, मग लिंबू, कच्चं सफरचंद, आणि शेवटी एक खारट कड. गोडवा नाही. लेबलवर 12 टक्के अल्कोहोल, त्यामुळे दुपारी दोन ग्लास घेऊनही डोकं जड झालं नाही. पण ज्यासाठी आले होते ते म्हणजे मधली जागा. इतक्या आंबट, पातळ वाइनमध्ये घोट गिळायच्या आधी एक मऊपणा येतो, ताकात थोडी साय राहिली तर येतो तसा. तो काढून घेतला तर या वाइनमध्ये नुसतं आंबट पाणी उरेल. नाँतमधल्या एका सुपरमार्केटातून लेकीने आधी तीन युरोंची म्युस्कादे आणली होती, लेबलवर सुर ली नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो. थर काय करतो हे मला पुस्तकापेक्षा त्या दोन ग्लासांनी जास्त शिकवलं. कोणी जाणार असाल तर हा प्रयोग जरूर करा, दहा-अकरा युरोंत होतो.

दोन बाटल्या भारतात आणल्या. दोन लिटरपर्यंत सवलत असते, दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, विमानतळावर काही अडचण आली नाही. मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवल्या होत्या.

साधी बाटली निफाडला दादाकडे उघडली. दादाची द्राक्षं खायची, थॉमसन. वाइनचा त्याला फार षोक नाही, पण द्राक्षाबद्दल कोणी काही बोललं की तो कान देतो. वहिनीने तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, ओलं खोबरं भरपूर, मिरची बेताची. मी मुद्दाम सांगितलं होतं तिखट कमी ठेव म्हणून. झणझणीत कालवणापुढे ही वाइन टिकत नाही, नुसती आंबट लागते. सोलकढीबरोबरही घेऊ नका, दोन आंबट एकमेकांना मारतात. तिसऱ्यांबरोबर मात्र अशी जमली की दादाने स्वतः ग्लास पुढे केला. त्याला मी बुधल्याचा फोटो दाखवला आणि पाटीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "गाळ कशाला म्हणतेस? पुराचं पाणी हंड्यात भरून तुरटी फिरवली की खाली काय बसतं? साका."

साका! आजी म्हणायची. गोदेला पूर आला की पाणी गढूळ यायचं, हंड्याला आतून निवळीची बी घासायची, किंवा तुरटी फिरवायची, आणि रात्रभर हंडा कोणी हलवायचा नाही. सकाळी वर निवळ, खाली साका. वरच्याला आणि खालच्याला दोन वेगळी नावं असलेली आपली भाषा, आणि मी शब्दकोशातला पहिला शब्द उचलून मोकळी झाले होते. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि तुपाची बेरी?" तेही खरं. लोणी कढवताना बेरी तळाशी बसते, ती खमंग होते म्हणून तूप खमंग होतं. तूप होण्याआधीच कोणी बेरी गाळून काढली तर तुपाला वास कुठून येणार? वाइन आणि ली यांचं नातं इतकं जवळून दाखवणारी गोष्ट मला दुसरी सुचलेली नाही. पण बेरी तुपाचीच. वाइनला ती लावली तर लोक गोंधळतील. साका बरा. त्यात घाण नाही, मऊपणा आहे, आणि हलवू नकोस ही सूचनाही आहे. 'साका बसणे' म्हणतो आपण. बसलेला साका, आडवी ली. दोन्ही शब्द स्वस्थ आहेत.

वाइनरीला मी नवी पाटी करून दिली, जुनीचे पैसे परत केले. आता तिथे आहे: 'साक्यावर मुरवलेली', आणि खाली बारीक अक्षरांत, 'रस आंबल्यावर तळाशी बसलेल्या यीस्टच्या थरावर सहा महिने ठेवलेली'. दुसरी ओळ मी हट्टाने घालायला लावली. नवीन शब्द एकटा सोडू नये, त्याच्याबरोबर दोन पावलं चालावं लागतं.

विकत घेणाऱ्यांसाठी एक इशारा. भारतात परत आल्यावर हौसेने एका शहरातल्या दुकानातून म्युस्कादे सुर ली घेतली, तीन हजारांच्या वर पैसे मोजले. बाटली काउंटरमागे ट्यूबलाइटखाली उभी होती, किती वर्षं कोण जाणे. साल पाहिलं तर सात वर्षांपूर्वीचं. उघडली तर रंग चहासारखा, चुणचुण गेलेली, वास सुकलेल्या सफरचंदाचा. साधी सुर ली ही तरुणपणी प्यायची वाइन आहे, दोन-तीन वर्षांत संपवावी. आपल्या उन्हाळ्यात उघड्या फळीवर ठेवलेल्या बाटलीला कुठलाही राखणदार वाचवत नाही, कारण राखणदार मागे तळघरातच राहिला. म्हणून साल बघा, बाटली कुठे ठेवलीय ते बघा, आणि दुकानदाराला संकोच न करता विचारा. साल जुनं असेल तर परत ठेवा, कितीही सुंदर लेबल असू दे.

साध्या सुर लीला मी पाचांपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो लेबलवर महिने लिहीत नाहीत म्हणून. त्या घरगुती तळघराच्या भेटीला पूर्ण पाच. क्लिसाँबद्दल मी तिथल्या दोन घोटांवरूनच बोलू शकते: रंग जास्त पिवळा, वास पिकलेल्या फळाचा आणि भाजलेल्या पावाचा, जिभेवर जड, आणि चव बराच वेळ मागे रेंगाळणारी. बाई म्हणाल्या, ग्रॅनाइटची जमीन आहे, आणि दोन वर्षांचा साका आहे, घाई करू नका, ही दहा वर्षंही राहील. दहा वर्षं काही मी थांबणार नाही. लेक दिवाळीला येणार आहे. तोवर बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आहे, मेथीच्या जुडीखाली, आडवी.